ऑर्थोची जागा

२०२५ मध्ये, रविवारी ३ ऑगस्टला, देशातल्या ३०१ शहरांत दोन लाख बेचाळीस हजारांहून अधिक डॉक्टर साडेतीन तास संगणकासमोर बसले आणि दोनशे प्रश्नांशी झुंजून बाहेर पडले. नीट-पीजी, म्हणजे पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा, झाली. दुसऱ्या दिवशी ४ ऑगस्ट. २०१२ पासून इंडियन ऑर्थोपेडिक असोसिएशन हा दिवस ‘अस्थी व सांधे दिन’ म्हणून पाळते. या दोन तारखा कुणी मुद्दाम शेजारी आणून बसवलेल्या नाहीत. परीक्षा मुळात १५ जूनला, दोन सत्रांत व्हायची होती. दोन सत्रांतल्या दोन प्रश्नपत्रिका सारख्याच अवघड कशा मानायच्या, हे विद्यार्थ्यांचे म्हणणे सर्वोच्च न्यायालयाला पटले, ३० मे रोजी एकाच सत्राचा आदेश निघाला आणि तेवढी केंद्रे जमवता जमवता ऑगस्ट उजाडला. योगायोगच, पण त्या निमित्ताने एक विषय काढता येतो.

कोल्हापूर जिल्ह्यात मात्र त्या रविवारी सगळ्यांचे लक्ष नांदणीहून निघालेल्या पदयात्रेकडे होते. नांदणी मठाची महादेवी हत्तीण न्यायालयाच्या आदेशाने वनतारा या प्राणीकेंद्रात गेली, त्याची कळ लवकर जायची नाही. कोणाची बाजू खरी यात आज शिरत नाही. आम्हाला त्या सगळ्या प्रकरणात एक गोष्ट दिसली: एका मुक्या जीवाच्या पायांचे आणि सांध्यांचे दुखणे सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. शाहूवाडी तालुक्यातल्या बोलत्या माणसांचे हातपाय बारा महिने मोडतात. त्यांचे दुखणे कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयापर्यंत पोहोचतानाच अर्धे दमते.

मलकापूर ही एके काळची विशाळगड जहागिरीची राजधानी. आज तालुक्याचे नाव शाहूवाडी असले तरी बाजार, बसस्थानक आणि ग्रामीण रुग्णालय मलकापुरात. पूर्वेला बांबवडे ओलांडून कोल्हापूर पंचेचाळीसेक किलोमीटर, पश्चिमेला आंबा घाट आणि खाली कोकण. इथल्या मोडलेल्या हाडांना ऋतू आहेत. मृगाच्या तोंडावर घर शाकारायला चढलेला माणूस कौलांसकट खाली येतो. रोप लावणीच्या दिवसांत शेवाळलेल्या बांधावर पाय सटकला, की बाई हात टेकते आणि मनगट जाते. दिवाळीनंतर ऊसतोड सुरू झाली की ट्रॉल्या आणि दुचाक्या. जंगलाच्या कडेला गवा आडवा येतो. घाटातल्या वळणांना हंगाम लागत नाही, आणि न्हाणीत घसरून खुबा मोडणाऱ्या म्हातारीलाही नाही. हे लिहीत असतानाही पाऊस लागून आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कोल्हापूरच्या अलीकडे केर्लीजवळ पंचगंगेचे पाणी रस्त्यावर आले आणि कोल्हापूर–रत्नागिरी मार्ग बंद पडला. अशा दिवसांत मलकापूरच्या पश्चिमेला पाय मोडलेल्या माणसाने करायचे काय? रस्ता उघडेपर्यंत पाय धरून बसायचे. दुसरे उत्तर त्या वेळी नव्हते आणि आजही आमच्या पाहण्यात नाही.

ती परीक्षा देणाऱ्यांत याच तालुक्यातली मुलेमुलीही असतील. त्यांच्या पुढ्यात जो रस्ता असतो, तो घरातल्या माणसांना नीट ठाऊक नसतो. मुलगा ‘डॉक्टर झाला’ म्हणून पेढे वाटून झालेले असतात. मग हा अजून कसला अभ्यास करतो, दोन-दोन वर्षे खोलीचे दार लावून मोबाइलवर कसले प्रश्न सोडवतो, असे चुलते विचारतात. एमबीबीएस साडेचार वर्षांचे, इंटर्नशिप एक वर्षाची. त्यानंतर एकोणीस विषयांचा मिळून एकच पेपर: बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला एक वजा. शरीररचनेपासून न्यायवैद्यकापर्यंत सगळे त्यात. हाडांचे प्रश्न त्यातले थोडेसेच. ज्याला आयुष्यभर हाडेच जोडायची आहेत त्याचे भवितव्य डोळा, कान, कातडी, जंतू आणि औषधांच्या मात्रा यांच्यावर ठरते. यातून रँक निघते. मग अखिल भारतीय कोट्याची फेरी, राज्याच्या सीईटी सेलची फेरी, पसंतीक्रमाच्या लांबलचक याद्या. वरच्या रँका रेडिओलॉजी, मेडिसिन, त्वचारोग यांकडे जातात. चाकू हातात घेण्याच्या विषयांत मात्र ऑर्थोला, म्हणजे अस्थिशल्यचिकित्सेला, आज मोठी मागणी आहे. या साऱ्या प्रक्रियेत एक प्रश्न कोणीही, कुठल्याही टप्प्यावर विचारत नाही: बाबा रे, तुला ऑर्थो कशाला हवे?

अमेरिकेत हा प्रश्न विचारतात. तिथे ऑर्थोपेडिक्सची निवासी जागा पाच वर्षांची आणि फार चुरशीची. नुसते गुण पुरत नाहीत. विद्यार्थी वर्षभर आधी दुसऱ्या रुग्णालयांत जाऊन महिनाभर काम करून दाखवतो, प्राध्यापकांची शिफारसपत्रे जोडतो, आपल्याविषयी निबंध लिहितो, मुलाखती देतो. मग रुग्णालये आणि उमेदवार आपापले पसंतीक्रम भरतात, संगणक जोड्या लावतो, आणि मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी साऱ्या देशाचा निकाल एकदम लागतो. आपल्याकडेही असे व्हावे असे म्हणणारे प्राध्यापक आहेत. आमचे मत त्याच्या उलट आहे. शिफारसपत्र आणि मुलाखत या दोन गोष्टी आपल्या मातीत पेरल्या की उगवतो तो वशिला. शाहूवाडीच्या शेतकऱ्याच्या मुलीला कोण शिफारसपत्र देणार? तिच्याकडे आहे ती रँक, आणि रँकेला आडनाव नसते. रँक मागे पडली तर अभिमत विद्यापीठातून पैशाने वाट निघते हे खरे, पण तिथली एका वर्षाची फी दहा-दहा लाखांच्या पटीत जाते. ती वाट तिची नाही. तेव्हा निवड रँकेवरच राहू द्या.

जाता जाता एक गंमत. प्रवेशाच्या याद्यांत ‘मलकापूर’ सापडते बरे का! पण ते कराडचे मलकापूर. तिथे कृष्णा अभिमत विद्यापीठाचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. आमच्या मलकापूरचे नाव डॉक्टर घडवणाऱ्या कुठल्याच यादीत नाही आणि असावे अशी मागणीही आम्ही करत नाही. आमची मागणी वेगळी आहे, ती पुढे येईल.

२९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक दार बंद केले. पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशात अधिवासावर आधारित आरक्षण घटनाबाह्य ठरले. एमबीबीएसला चालेल, पण तज्ज्ञ घडवताना कुठे राहतो यापेक्षा किती लायक आहे हे पाहिले पाहिजे, असा त्या निकालाचा आशय. त्याच राज्यात एमबीबीएस केलेल्यांना काही प्रमाणात अग्रक्रम देता येतो. अमुक गावचा, अमुक जिल्ह्याचा म्हणून नाही. निकालाशी आमचे भांडण नाही. पण त्याचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. विद्यार्थी कुठून येतो हे बघायचे नसेल, आणि शिकून तो कुठे जातो हे बघायची सोय नसेल, तर पदव्युत्तर शिक्षणाच्या मधल्या तीन वर्षांत तो कुठे शिकतो एवढेच सरकारच्या हातात उरते. आमचा सगळा मुद्दा या तीन वर्षांबद्दल आहे.

ती तीन वर्षे कशी असतात? पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरला वॉर्डात जेआर-वन म्हणतात. त्याचा दिवस शस्त्रक्रियेत जात नाही. पट्ट्या बदलणे, ट्रॅक्शनची वजने पाहणे, एक्स-रे गोळा करणे, रक्तपेढीत धावणे, उद्याच्या यादीतल्या रुग्णांना भूलतज्ज्ञाकडून ‘फिट’ करून आणणे, नातेवाइकांची समजूत घालणे, योजनेची कागदपत्रे जुळवणे. रात्री अपघात विभागातून फोन आला की प्लॅस्टर रूम. ऑपरेशन थिएटरात तो शिशाचा जड एप्रन चढवून पाय धरून उभा असतो, सी-आर्म या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर वरिष्ठ काय बघतो ते बघत. दुसऱ्या वर्षी हातात ड्रिल येते, तिसऱ्या वर्षी लहानमोठ्या केसेस. ऑर्थोला सगळे सुतारकाम म्हणतात, खुद्द ऑर्थोवालेही हसत म्हणतात. पण लाकडाला रक्तपुरवठा नसतो आणि चुकीचे भोक पडले तर लाकूड रात्री तापाने फणफणत नाही. जोडीला प्रबंध आहे, लॉगबुक आहे, शेवटी परीक्षा आहे. मुलींनी ही शाखा घेतली की ‘ताकद पुरेल का’ हा प्रश्न आजही निघतो. सी-आर्म, पॉवर ड्रिल आणि ट्रॅक्शन टेबल आल्यावर हा प्रश्न विचारणाऱ्याने स्वतः एकदा थिएटरात जाऊन यावे.

निवासी डॉक्टरांच्या कामाच्या तासांबद्दल केंद्राने ५ जून १९९२ रोजी नियम काढला होता: सलग बारा तासांहून अधिक नाही, आठवड्याला अठ्ठेचाळीस. तीसहून अधिक वर्षे झाली. २०२३ च्या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण नियमावलीत कामाचे तास ‘वाजवी’ असावेत, विश्रांतीचा वेळ ‘वाजवी’ असावा असे लिहिले आहे. आकडा असलेला नियम ज्यांनी पाळला नाही, ते आकडा नसलेला कसा पाळतील ते वाचकांनीच ठरवावे. अठरा तास जागा असलेला हात मुलाच्या कोपरात तार घालतो आहे, ही गोष्ट रुग्णाच्या आईबापांना कोणी सांगत नाही.

आता कोपराचाच विषय निघाला म्हणून. पाच-सात वर्षांचे पोर झाडावरून पडते आणि कोपराच्या वर हाड मोडते. ही मुलांत नेहमी आढळणारी दुखापत. हाड जोडणे यात तुलनेने सोपे. धोका आहे तो शेजारून जाणाऱ्या रक्तवाहिनीला आणि सुजेला. सूज वाढते आणि वरून घट्ट बांधलेले असेल, तर आतल्या स्नायूंचे रक्त तुटते. काही तासांत, साधारण सहा तास ही धोक्याची रेघ मानतात, स्नायू मरायला लागतो. मग हात वाचला तरी बोटे आखडून पंजा कायमचा वळतो. फोल्कमान नावाच्या जर्मन शल्यविशारदाने १८८१ मध्ये याचे वर्णन केले, म्हणून आजही त्याचे नाव लागते. जेआर-वनला पहिल्या आठवड्यात शिकवतात ते हे: ताज्या दुखापतीला पूर्ण गोल प्लॅस्टर घालायचे नाही, एका बाजूने स्लॅब द्यायचा. बांधण्याआधी नाडी, बांधल्यावर नाडी, तासाने पुन्हा नाडी. बोटे हलतात का? मागे ओढली तर पोर किंचाळते का? किंचाळले तर सगळे सोडून आधी बांधलेले कापायचे. उघड्या जखमेचे हाड असेल तर स्वच्छ धुणे, प्रतिजैविक आणि धनुर्वाताची लस लवकरात लवकर. निखळलेला खुबा शक्य तितक्या तासांत बसवायचा.

हे शिकायला रोबोट लागत नाही. महागडे सांधेही लागत नाहीत. पहिल्या वर्षाचा, डोळे तांबारलेला, तीन दिवस दाढी न केलेला निवासी डॉक्टर हे सगळे जाणतो. आणि मलकापूरला पहिल्या सहा तासांत याच्यापेक्षा अधिक काही सहसा नको असते. पुढची शस्त्रक्रिया कोल्हापूर, मिरज कुठेही होवो. पण तो पोरगा कोल्हापूरला पोहोचतो तेव्हा त्याचा हात कसा बांधलेला असतो, यावर निम्मी लढाई ठरते.

आज तो हात कोण बांधतो? पुष्कळदा हाडवैद्य. त्यांच्याबद्दल शहरी डॉक्टर ज्या तुच्छतेने बोलतात ती आम्हाला मान्य नाही. कोल्हापूर हा तालमींचा जिल्हा. शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधले त्याच्या आधीपासून इथले वस्ताद निखळलेले खांदे जागच्या जागी बसवत आले आहेत. ज्या गावात एक्स-रे नव्हता, तिथे हाताच्या स्पर्शावर हाड ओळखणे ही विद्याच होती. इंग्लंडातल्या अस्थिशास्त्राचा एक आद्य पुरुष ह्यू ओवेन थॉमस हा वेल्समधल्या हाडवैद्यांच्या घराण्यातला. बाप हाडे बसवायचा, मुलाने रीतसर वैद्यकी शिकून त्या हाताला शास्त्र दिले. त्याचा थॉमस स्प्लिंट त्याच्या हयातीत फारसा कोणी मनावर घेतला नाही. तो १८९१ मध्ये वारला. पुढे पहिल्या महायुद्धात त्याचा भाचा रॉबर्ट जोन्स याच्या आग्रहाने मांडीचे हाड मोडलेल्या सैनिकांना तो आघाडीवरच लावू लागले आणि या दुखापतीने मरणाऱ्यांचे प्रमाण शंभरात ऐंशीवरून विसाच्या आत आले, असे त्या काळचे लष्करी डॉक्टर सांगत. ध्यानात घ्या, रुग्णालयात नव्हे, आघाडीवर. स्प्लिंट तोच होता. फरक पडला तो माणूस हलवण्याआधी लावल्याने.

पण म्हणून बांबूच्या कामट्या आवळून बांधलेला, काळानिळा पडलेला हात घेऊन चौथ्या दिवशी येणारे पोर बघितले की हाडवैद्यांचे कौतुक घशातच अडकते. गावाने त्यांना नावे ठेवून उपयोग नाही. शेजारी दुसरा कोणी नाही म्हणून लोक तिथे जातात. पैशाचा अडसर पूर्वीइतका उरलेला नाही. महात्मा फुले योजनेतून पाच लाखांपर्यंतचे उपचार होतात, १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून धावते आहे. अडसर अंतराचा आहे. लावणी सोडून, म्हैस शेजाऱ्याच्या गळ्यात टाकून, दोन माणसे सोबत घेऊन कोल्हापूरला जायचे आणि तिथे वॉर्डाबाहेर पथारी पसरायची, याचा हिशेब जो तो मनात करतो आणि म्हणतो, आधी वैद्याला दाखवू.

तालुक्याच्या गावी ज्यांनी थोडाफार आधार दिला ते डी. ऑर्थो. डॉक्टर. दोन वर्षांची पदविका करून, फार मोठी स्वप्ने न पाहता, बाजारपेठेत दहा खाटांचे हॉस्पिटल टाकणारी ही पिढी. पाटीवर नावापुढे ‘डी. ऑर्थो.’ असे लिहिलेला डॉक्टर आसपासच्या पन्नास खेड्यांचा आधार असे. २०१८ नंतर पदविकेच्या जागा पदवीच्या जागांत बदलायला परवानगी मिळाली आणि महाविद्यालयांनी भराभर त्या बदलून घेतल्या. एमएस या पदवीच्या जागा वाढल्याचे आकडे छान दिसले. २०२० मध्ये राष्ट्रीय परीक्षा मंडळाने आठ विषयांत पदविका नव्याने सुरू केल्या, पण त्या आठांत ऑर्थो नव्हते. एमएस झालेला डॉक्टर पदविकावाल्यापेक्षा अधिक शिकलेला असतो यात शंका नाही. पण तो तीन वर्षे, मग वर्षभराचे बंधपत्र, मग सांधेरोपणाची किंवा दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची फेलोशिप असे करत तिशी ओलांडतो, आणि जे शिकला ते करायला त्याला जिल्ह्याचे गाव लागते. त्याला दोष कसा द्यायचा? आपणच त्याला जिथे शिकवले तिथेच तो राहतो.

बंधपत्राने हे सुटेल असे सरकारला वाटते. शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्याने एक वर्ष सेवा द्यायची, नाहीतर दहा लाख भरायचे. पदव्युत्तरला तीच रक्कम पन्नास लाख. यात गोम अशी, की शिक्षण संपल्यावर, एकट्याला, वरिष्ठाविना आपण पाठवतो. जिथे भूलतज्ज्ञ नाही, सी-आर्म नाही, तिथे नवा सर्जन वर्ष मोजत बसतो. शिक्षेसारखे वर्ष काढलेला माणूस पुन्हा त्या गावाचे तोंड पाहत नाही. सेवेतल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी पदव्युत्तरच्या जागा राखायला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ऑगस्ट २०२० मध्ये राज्यांना मोकळीक दिली, ती वाट अधिक शहाणपणाची आहे. प्राथमिक केंद्रात पाच पावसाळे काढलेल्या डॉक्टरला मलकापूर म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. पण अशा जागा मोजक्या.

याहून सोपे काहीतरी नियमातच लिहिलेले आहे. जिल्हा निवासी कार्यक्रम. २०२० मध्ये आला, २०२३ च्या नियमावलीत कायम झाला. प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याने तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सत्रात तीन महिने जिल्हा आरोग्य व्यवस्थेत काम करायचे, शिक्षणाचाच भाग म्हणून, विद्यावेतनासह. कल्पना उत्तम. अंमलात मात्र तीन महिने बहुतेक जण जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयात काढतात, म्हणजे एका गर्दीतून दुसऱ्या गर्दीत. त्याला कारण नियमातच आहे: रुग्णालय किमान पन्नास खाटांचे हवे. आपल्याकडचे ग्रामीण रुग्णालय म्हणजे तीस खाटा. वीस खाटांनी मलकापूर हुकते.

वैद्यकीय शिक्षण रुग्णाजवळ नेण्याची या भागाला सवय नाही असे कोणी म्हणू नये. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभारले तेव्हा मिरज काही मुंबई नव्हते. रुग्ण तिथे होते म्हणून रुग्णालय तिथे झाले, आणि त्याच्या जोडीने शिकवणेही. पुण्यात डॉ. के. एच. संचेती यांनी १९६५ मध्ये रुग्णालय सुरू केले आणि पुढे ‘इंडस’ नावाचा कृत्रिम गुडघा बनवला तो इथल्या माणसाला खाली बसता यावे, मांडी घालता यावी म्हणून. मुंबईच्या डॉ. बी. बी. जोशी यांच्या ‘जेस’ या साध्या, स्वस्त सांगाड्याने हाताची चुरलेली बोटे आणि मुलांचे वाकडे पाय सरळ केले. दोघांनी आधी समोरच्या माणसाचे बसणे-उठणे पाहिले. नुसत्या वॉर्डात असे पाहणे होत नाही. तिथे रुग्ण आडवा असतो.

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले. चार दशकांहून अधिक काळ वकील भांडले तेव्हा सहा जिल्ह्यांच्या पक्षकारांची मुंबईची वारी थांबली. न्यायमूर्ती कोल्हापूरपर्यंत येऊ शकतात, तर पंचविशीचा डॉक्टर पंचेचाळीस किलोमीटर पुढे यायला हरकत काय? त्यासाठी चाळीस वर्षे लागू नयेत एवढी अपेक्षा.

आमची मागणी लहान आहे. डोंगरी तालुक्यांपुरती पन्नास खाटांची अट शिथिल करावी आणि जिल्ह्यातल्या व शेजारच्या महाविद्यालयांतल्या ऑर्थोच्या दुसऱ्या वर्षाच्या निवासी डॉक्टरांनी आळीपाळीने मलकापूरच्या ग्रामीण रुग्णालयात यावे. तीन-तीन महिन्यांचे चार जण म्हणजे वर्ष भरले. नवे पद मंजूर करायला नको, नवी इमारत नको. चालू एक्स-रे यंत्र आणि रात्रीही हजर असलेला तंत्रज्ञ हवा. प्लॅस्टरचे सामान, थॉमस स्प्लिंट, प्रतिजैविके. राहायला न गळणारी खोली. आठवड्यातून एक दिवस वरिष्ठाने येऊन ओपीडी बघावी आणि एरवी फोन उचलावा. निवासी डॉक्टरला अवघड एक्स-रे मोबाइलवरून वॉर्डात पाठवता येईल, उत्तर दहा मिनिटांत येईल. पुराच्या दिवसांत केर्लीला पाणी चढले तरी अलीकडे एक माणूस असेल, ज्याला नाडी कुठे पाहायची ते ठाऊक आहे. आणि हाडवैद्यांनाही महिन्यातून एकदा रुग्णालयात बोलावून, चहा देऊन, बांधलेल्या हाताची बोटे कधी धोक्याची समजायची एवढे शिकवता येईल. वस्ताद शिकतात, त्यांना कोणी मानाने बोलावत नाही.

पेपर देऊन आलेल्यांनी पसंतीक्रम भरताना सीनिअरला नुसते ‘कॉलेज कसे आहे’ असे विचारू नये. पहिल्या वर्षी हाताला किती काम मिळते, प्लॅस्टर रूम कोण शिकवतो, झोपायला मिळते का, जिल्हा निवासी कार्यक्रमात नेमके कुठे पाठवतात, हे विचारावे. रँकेच्या खालोखाल हीच चौकशी कामाची.

या मागणीवर पहिला आक्षेप विभागप्रमुखांचाच येईल: आधीच माणसे कमी, त्यात वॉर्डातले हात बाहेर पाठवले तर इथली गर्दी कोणी आवरायची? आक्षेप खोटा नाही. त्यांनी फक्त एवढे करावे, की पावसाळ्यातल्या एका महिन्याचे केसपेपर काढून बसावे आणि रुग्णांच्या गावांची नावे वाचावीत, आणि त्यातले किती जण पहिल्याच दिवशी, नीट बांधलेल्या हाताने आले असते तर खाट अडवून बसले नसते, ते मोजावे.